परसूचा पाचवा आड

८ ऑक्टोबर १९९५, रविवार

आणला! परसूचा तिसरा भाग आणला एकदाचा!

मॅजेस्टिकच्या बाजारात दुकानामागून दुकान पालथं घातलं. शेवटी एका जिन्याखालच्या टपरीत मिळाला. दुकानदार विचारतो, "मोम्मगनिगा, अज्जा?" — नातवासाठी का म्हणून. मी म्हटलं, "हेंडतिगे!" बायकोसाठी! तो बघतच राहिला. मग कॅसेट आपल्याच बाहीला पुसून माझ्या हातात ठेवली.

येताना येलहंक्याच्या बसला ही गर्दी. चढताना कुणाच्या तरी पिशवीची कडी माझ्या शर्टात अडकली. मी आत, पिशवी बाहेर, दोघंही हट्टी! ओढाताणीत शर्ट छातीशी उघडा पडला. शेजारच्या बाईनं आपल्या बांगडीतली पिन काढून दिली, ती लावून घरी आलो. कॅसेट मात्र पोटाशी घट्ट धरलेली. तिला ओरखडा नाही.

जूनमध्ये वसूला झटका आला तेव्हा कुणाला वाटलं होतं की मी या वयात असल्या वस्तूसाठी बाजार हिंडेन! तिचा उजवा हात रिकाम्या बाहीसारखा लोंबत होता. जीभ जड. फिजिओबाईंनी रबरी चेंडू दिला — "दाबा अक्का, दाबा!" अक्कांनी तो खिडकीतून रस्त्यावर टाकला. डाव्या हातानं. डावा हात शाबूत आहे, रागही शाबूत आहे.

मग आमच्या मुलानं, गिरीनं, माळ्यावरून त्याच्या कॉलेजातला टीव्ही-गेम काढला. त्यात हा आडाचा खेळ. डोक्यावर मडकं घेतलेला एक बुटका गडी कोरड्या गावासाठी पाणी आणायला आडात उतरतो. आमच्या गल्लीतल्या इस्त्रीवाल्या परसूसारखीच त्याची मिशी, म्हणून तोही परसूच. वसू आधी नुसती बघायची. एक दिवस आपण होऊन रिमोट मांडीवर ओढला. मग काय! पहिला भाग खेळली, दुसरा खेळली. मेलेली बोटं उठून बसली म्हणा ना! चमचा धरायला लागली. तोंडातून शब्दही सुटे सुटे यायला लागले — "काफी", "नको", "मेला". (मेला म्हणजे परसू. कधी कधी मी.)

आता तिसरा भाग आहे. दिवाळीपर्यंत तरी चिंता मिटली.

९ ऑक्टोबर, सोमवार

काहीतरी बिनसलं.

दुपारी चहा झाल्यावर कॅसेट लावली. फिजिओबाईंनी सांगून ठेवलंय, "तुम्ही टीव्ही बघू नका, बोटं बघा." म्हणून मी टीव्हीकडे पाठ करून तिच्या समोर स्टुलावर बसतो. परसू जगला की मेला ते मला तिच्या तोंडावरून कळतं. आज सुरुवात झोकात झाली. थोड्या वेळानं तिचा हात थांबला. माझ्यामागे टीव्हीकडे बोट केलं आणि म्हणाली, "गुंडी."

"काय ग?"

"गुंडी!"

आमच्या घरातली भाषा म्हणजे कन्नड-मराठीची खिचडी. रिमोटच्या बटणाला आम्ही गुंडी म्हणतो आणि जमिनीतल्या खड्ड्यालाही गुंडीच. रिमोट उघडून, फुंकून, परत बसवून बघितला. सगळ्या गुंड्या ठणठणीत. मग मान वळवून टीव्ही बघितला — हे खड्डे! पावलोपावली खड्डे! पहिल्या भागात आड होता, इथं सगळी चाळण आहे.

"सरी, सरी. बंद करतो," म्हटलं आणि बंद केला. वसूनं माझ्याकडे असं बघितलं जसं काही मीच ते खड्डे खणले.

१२ ऑक्टोबर, गुरुवार

आजही तेच. थोडं खेळली, थांबली, बोट, "गुंडी". मी बंद केला. तिनं मान जोरात हलवली आणि भिंतीकडे तोंड करून पडली. बिचारीला किती त्रास होत असेल त्या खेळाचा!

१५ ऑक्टोबर, रविवार

गिरी घरी होता. त्याला बसवलं. म्हटलं, तूच खेळून सांग, मला काय कळतंय!

गिरी व्हाइटफील्डच्या कारखान्यात यंत्रं तपासतो. कुठली वस्तू पास, कुठली नापास हे बघायचंच त्याचं काम. तासभर खेळला आणि रिमोट खाली ठेवला. "अप्पा, खेळ घसरलाय."

"म्हणजे?"

"परसूच्या हातात बंदूक दिली आहे! पाणी आणायला निघालेल्या माणसाला बंदूक कशाला? आणि रोपटं कुठं गेलं?"

ते मात्र माझ्याही ध्यानात आलं होतं. पहिल्या भागात परसू पडला की मडकं फुटायचं, पाणी सांडायचं आणि तिथंच एक हिरवं रोपटं उगवायचं. पुढच्या वेळी त्या रोपट्यापाशी आलं की कळायचं, इथं जपून. वसूला त्या रोपट्यांची भारी माया. दुसरा भाग संपला तेव्हा तिच्या आडात इतकी रोपटी झाली होती की परसूला चालायला वाट नव्हती! आणि ह्या तिसऱ्यात? पडला की भोंगा वाजतो. बस्स. माणूस पडला तर भोंगा वाजवायचा — ही काय रीत झाली?

गिरी म्हणतो, "एकदा नाव झालं की कंपन्या नाव विकतात, अप्पा. खेळ विकत नाहीत."

म्हटलं, "मग चौथा भाग?"

"आहे म्हणतात. ऑफिसातल्या श्रीकांतकडे असेल. पण आशा ठेवू नका."

आशा काय ठेवायला लागते? ती असतेच, जित्राबासारखी, घरभर पायात येत.

२० ऑक्टोबर, शुक्रवार

चौथा भाग आला. तिसरा परवडला!

मडकंच नाही! डोक्यावर टोपी उलटी घातली आहे आणि परसू कसल्याशा फळीवर उभा राहून घसरत सुटतो. आड नाही, पाणी नाही, गाव नाही. मिशीसुद्धा काढली! रम्या — आमची सून — स्वयंपाकघरातून म्हणाली, "अय्यो अप्पा, हा परसू नाही, परसूचा वाया गेलेला मेहुणा आहे."

वसूनं थोडा वेळ बघितलं, थोडा वेळ दाबलं. मग माझ्याकडे बोट. "गुंडी! गुंडी!" मी म्हटलं, "कळलं ग, कळलं, चौथाही टाकाऊ," आणि बंद करायला वळलो, तर तिनं रिमोट फेकून मारला! नेमका छातीवर, आणि तोही पिनेवर. टोचली ती वेगळीच.

फेकला मात्र उजव्या हातानं. दुखलं तरी तेवढं बरं वाटलं.

२३ ऑक्टोबर, सोमवार. लक्ष्मीपूजन

सकाळी सगळ्यांनी नवे कपडे घातले. गिरीनं मला तयार शर्ट आणला आहे, दुकानातला. जन्मभर दुसऱ्यांचे शिवले, आता आपण रेडिमेड! कॉलर बरी आहे, शिवण मात्र घाईची. बोललो नाही, सणाचा दिवस.

आणि नवल! दुपारी सहज चौथा भाग लावला तर वसू न कुरकुरता खेळली! तो वाया गेलेला मेहुणा फळीवरून उड्या मारतोय आणि ही बाई हसतेय. मला काही समजेना. सणाचा आनंद असेल. पुरणपोळीही दीड खाल्ली.

२४ ऑक्टोबर, मंगळवार

ग्रहण. सकाळभर टीव्हीवर सूर्यच. खेळ बंद.

२५ ऑक्टोबर, बुधवार

परत "गुंडी". परत भिंतीकडे तोंड. काल-परवाचं हसू ते सणापुरतंच होतं.

१ नोव्हेंबर, बुधवार

आज फिजिओबाई आल्या. वसूचा हात हातात घेऊन बोटं एकेक उघडली. त्यांचा चेहरा बदलला.

"अंकल, गेल्या महिन्यात अंगठा बोटांना टेकत होता. आता मध्येच थांबतो. काय झालं? खेळणं बंद झालं का?"

मी सगळं सांगितलं. तिसरा भाग, चौथा भाग, खड्डे.

"मग दुसरं काहीतरी द्या. मटार सोलायला द्या. मणी ओवायला द्या."

दिलंय हो सगळं! मटार डाव्या हातानं सोलते. मण्यांची वाटी पलंगाखाली ढकलली. पहिला आणि दुसरा भागही परत लावून बघितला, तर "नको" म्हणाली. बरोबरच आहे, झालेली वाट परत कोण चालेल?

जाताना दारात त्या हळूच म्हणाल्या, "हे सहा महिने महत्त्वाचे असतात. आत्ता जे येईल ते येईल. नंतर अवघड."

रात्रीचं जेवण गेलं नाही.

वसूच्या हाताबद्दल मी फिजिओबाईंना काय सांगू! येलहंक्यात विमानदळाच्या माणसांचे गणवेश शिवणारं आमचं दुकान. कापायचं मी, मशीन माझं, पण काजं तिची. हाताची काजं! मोठमोठे साहेब बाही उलटी करून बघायचे आणि विचारायचे, ही कुठल्या मशीनवर केली? मी म्हणायचो, "ते मशीन आत भाकरी करतंय."

५ नोव्हेंबर, रविवार

आज आशेचं जित्राब परत पायात आलं.

श्रीकांतनं ऑफिसात परदेशातलं कुठलंसं मासिक आणलं होतं, ते गिरीनं घरी आणून वाचून दाखवलं. पाचवा भाग निघाला आहे! आणि मुख्य गोष्ट — ज्या माणसानं पहिले दोन भाग केले त्याला म्हणे कंपनीनं मध्ये काढून टाकलं होतं. तिसरा, चौथा त्याचे नव्हेतच. आता त्याला परत बोलावलं आहे.

मी म्हटलं, "मग झालं तर! मूळ शिंपी परत आला."

गिरी म्हणाला, "एवढं सोपं नसतं अप्पा. एकदा घसरलेलं परत वर येत नाही. आमच्याकडे नापास झालेला पार्ट आम्ही दुरुस्त करत नाही, भंगारात टाकतो."

रम्या मध्येच म्हणाली, "मग माणसं पण भंगारात टाकता काय तुमच्या कारखान्यात?" आणि आईच्या खोलीकडे बघितलं. चांगलं बोलली पोरगी. नंतर स्वतःच वरमली आणि मला आणखी एक डोसा वाढला.

मी रात्रभर विचार करतोय. माझ्या धंद्यात एक काम होतं, आता कुणी करत नाही. शर्टाची कॉलर झिजली, घामानं फाटली की लोक शर्ट टाकायला निघायचे. मी कॉलर उसवायचो, उलटी करायचो आणि परत शिवायचो. आतली बाजू कोरी करकरीत असते! शर्ट नवा व्हायचा. पण त्याला एक अट — अंगाचं कापड जिवंत पाहिजे. कापडच विरलं असेल तर कॉलर उलटून काय उपयोग? नवी कॉलर धरून जुना शर्ट फाटतो.

परसूचं अंगाचं कापड कसलं? आड, मडकं, पाणी, रोपटं. ते तर अजून चांगलं आहे. बिघडली ती कॉलर. मला तरी वाटतं, उलटता येईल.

पण मला वाटून काय? वसूला आवडलं पाहिजे.

९ नोव्हेंबर, गुरुवार

रम्या म्हणाली, "अप्पा, रोज तोच शर्ट! रात्री धुता, सकाळी घालता. द्या तो परसूला, इस्त्रीच्या टेबलावर अंथरेल."

म्हटलं, "राहू दे ग. चालतोय."

चालतोयच. मे महिन्यात शिवला होता हा. कापड मी बेतलं, काजं वसूनं केली. त्यानंतर दुकानाला कुलूप. पिन जरा टोचते, तेवढंच.

१४ नोव्हेंबर, मंगळवार

गिरीला कंपनी सिंगापूरला पाठवतेय, ट्रेनिंगला. परतताना काय आणू विचारतो. रम्यानं सेंट सांगितलं. मी म्हटलं, "परसूचा पाचवा."

"तिथं मिळालाच तर आणेन. पण अप्पा, वाईट निघाला तर?"

"तर वाईट निघाला. आणून तर बघ."

तोंडानं म्हटलं. पण पाचवाही वाईट निघाला तर पुढं माझ्याकडे काय आहे? काहीच नाही.

१९ नोव्हेंबर, रविवार

थंडी पडली. ट्रंकेतून स्वेटर काढला. वसूला शाल.

२६ नोव्हेंबर, रविवार

गिरी आला, कॅसेट आली — आणि यंत्रात जाईना!

इकडचं तोंड अरुंद, कॅसेट रुंद. म्हणजे गळा चौदाचा आणि मान सोळाची! मी दोन्हीकडून लावून बघितली. गिरी ओरडला, "अप्पा, जबरदस्ती करू नका, फुटेल!" एवढं समुद्रापलीकडून आणलं आणि उंबऱ्यात अडलं.

डब्यावर चित्र मात्र आहे. मडकं आहे! मिशीही आहे! मी डबा वसूला दाखवला. तिनं बराच वेळ हातात धरून बघितला. मग म्हणाली, "परसू." आणि डबा उशीखाली ठेवला.

१ डिसेंबर, शुक्रवार

मिळालं. त्याच जिन्याखालच्या दुकानात. दोन्ही तोंडांना जोडणारी एक चपटी डबी येते, तिला कन्व्हर्टर म्हणतात. दुकानदारानं ओळखलं! "अज्जा, अज्जीगे इष्ट आयिता?" — आजींना आवडला का? म्हटलं, अजून स्वल्प कळ काढ, आज समजेल.

चहा झाल्यावर लावला. मी स्टुलावर, टीव्हीकडे पाठ. बाहेर विमानदळाचं विमान घरघरत गेलं, तसं चित्र हललं असावं, तिनं कपाळाला आठी घातली. मग आठी गेली. बोटं चालायला लागली. मी तिच्या तोंडाकडे बघतोय, बोटांकडे बघायचं विसरलोच. एकदम तिचे डोळे मोठे झाले आणि ती हसली. वळून बघतो तर परसू पडलेला, मडकं फुटलेलं आणि तिथं रोपटं!

रोपटं परत आलं!

ती खेळली. खूप वेळ खेळली. "गुंडी" नाही, "नको" नाही. मी उठून मोरीत जाऊन तोंड धुऊन आलो.

३ डिसेंबर, रविवार

गिरीनं स्वतः खेळून बघितला. यंत्र तपासतो तसा, एकेक कोपरा. शेवटी म्हणाला, "हरलो अप्पा. पहिल्यापेक्षाही चांगला आहे."

"पहिल्यापेक्षा नको म्हणूस. पहिल्याइतका म्हण."

"बरं. पहिल्याइतका."

आड नवे आहेत, खोल आहेत. एका आडाच्या तळाशी दुसरा परसू भेटतो, बंदूकवाला. तिसऱ्या भागातला तो! बंदूक टाकून बसलेला. आपला परसू त्याला अर्धं मडकं पाणी देतो. कोण असेल हा खेळ करणारा माणूस! आपल्या मागे दुसऱ्यांनी केलेलं नासकं कामसुद्धा त्यानं फेकलं नाही, घरात घेतलं.

घसरलेलं वर येतं. आता कुणी विचारलं तर सांगेन. मूळ हात परत लागला पाहिजे, एवढंच.

६ डिसेंबर, बुधवार

हसून हसून पोट दुखलं.

दुपारी वसूचा परसू अगदी शेवटच्या पायरीवर येऊन पडला. ती जिवाच्या आकांतानं ओरडली, "मेला! परसू मेला!" खिडकी उघडी. खाली इस्त्रीवाला परसू आमचेच कपडे इस्त्री करत होता. दारात येऊन उभा — एका हातात कोळशाची इस्त्री, चेहरा पांढरा फटक.

"वसुमती अक्का, मी जिवंत आहे!"

रम्या जमिनीवर बसून हसायला लागली. वसूही हसली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. परसूला कॉफी पाजली, खेळ दाखवला. तो मिशीवरून हात फिरवत म्हणाला, "माझ्याएवढी जाड नाही ह्याची."

आणि मग माझ्या डोक्यात उजेड पडला. "परसू मेला." दोन शब्द! एकापुढे एक, जोडून! जूनपासून पहिल्यांदा.

१० डिसेंबर, रविवार

फिजिओबाई आल्या. अंगठा टेकला! चारी बोटांना! वसूला म्हणाल्या, "अक्का, माझा चेंडू फेकलात ते बरंच झालं." मला म्हणाल्या, "अंकल, आता घाबरू नका."

आज पोटभर जेवलो. रम्याला म्हटलं, ताकात मीठ कमी आहे. ती म्हणाली, "बरं झालं, अप्पा परत चुका काढायला लागले."

१४ डिसेंबर, गुरुवार

लिहायला हात होत नाही.

ऊन चांगलं पडलं होतं. रम्यानं स्वेटर धुवायला टाकला. चहा झाला, पाचवा लावला, मी स्टुलावर बसलो. वसू खेळायला लागली, माझ्याकडे बघितलं, थांबली. बोट उचललं.

"गुंडी."

पाचवासुद्धा! इतका चांगला, रोपट्यांचा, मडक्याचा — त्यातसुद्धा! म्हणजे कॉलर उलटली ती दोन आठवडेच टिकली? मी मुकाट्यानं उठलो आणि बंद केला. ती काहीतरी बोलायला गेली, शब्द आला नाही, तिनं मांडीवर मूठ आपटली.

उद्या काय लावू?

१५ डिसेंबर, शुक्रवार

माझ्या शर्टाची! माझ्या शर्टाची गुंडी!

सकाळी वाकून तिला कॉफी देत होतो, तर तिनं उजव्या हातानं माझा शर्ट धरला. पिन उघडली, काढली आणि कॉफीच्या बशीत टाकली. म्हणाली, "गुंडी. तुमची." मी टीव्हीपुढे बसायचो! ती टीव्हीकडे बोट करतच नव्हती कधी. त्या बसमध्ये तुटल्यापासून तिच्या डोळ्यांत खुपत होती, आणि मी दर वेळी उठून खेळ बंद करत होतो. दिवाळीला रेडिमेड होता. थंडीत स्वेटर.

रम्यानं सुईत दोरा ओवून दिला. वसूनं लावली. टाके वाकडे, दोरा तांबडा, पण ओढून बघितली — पक्की.

तिसऱ्याबद्दल ती एक शब्दही वाईट बोलली नव्हती. चौथ्याबद्दलही नाही. दोन्ही कॅसेटी कपाटावरून काढून पुसून ठेवल्यात.

उद्या तिसरा लावतो. आणि तिच्या शेजारी बसतो.